वर्गात आलेलं गाव

आमच्या घरात चार पिढ्या राज्यशास्त्र शिकत आल्या, पण चौघांच्या पुस्तकांतलं राज्य एक नव्हतं. आजोबांच्या पुस्तकात इंग्लंडचा राजा होता, लॉर्ड्स आणि कॉमन्स होते. आत्याच्या पुस्तकात आपली नवी राज्यघटना होती आणि तिच्या शेजारी अमेरिकेहून आलेल्या चौकटी-बाणांच्या आकृत्या. मी शिकले तेव्हा मंडल आयोग आणि आघाडी सरकारं यांच्यावर प्रश्न यायचे. आज माझा भाचा ज्याचा अभ्यास करतो, त्यात कलमांचे आकडे आहेत आणि चार पर्याय.

ह्या सगळ्यांच्या गोष्टी ऐकत मी वाढले. ऐकता ऐकता एवढं ध्यानात आलं, की आमच्यातलं कुणीच वर्गात कोरं गेलेलं नव्हतं. जो तो घरून, गावातून आपापलं राजकारण घेऊनच बाकावर बसला होता. पुस्तकाने त्याकडे पाठ फिरवली तेव्हा विषय पाठांतराचा झाला. एखाद्या शिक्षकाने मात्र "बाळा, तुमच्याकडे कसं चालतं ते सांग" असं विचारलं, की त्याच विषयाला धार यायची. महाराष्ट्रात राज्यशास्त्र कसं शिकवलं गेलं याचा इतिहास मला तरी याच वाटेने सांगता येतो.

आजोबांचं गाव औंध संस्थानात, आटपाडी महालात. माणदेशचा कोरडा मुलूख. औंध म्हणजे सलग प्रदेश नव्हेच. इकडे चार, तिकडे दहा अशी विखुरलेली 72 गावं. 1938 साली आजोबा पुण्यात बी.ए.ला होते. पुण्याला तेव्हा स्वतःचं विद्यापीठ नव्हतं. कॉलेज पुण्यात, परीक्षा मुंबई विद्यापीठाची. राज्यशास्त्रालाही स्वतःचं घर नव्हतं. इतिहास आणि अर्थशास्त्राच्या वळचणीला त्याचे तास होत. डायसी, बॅजट, गार्नर, गिलख्रिस्ट ही नावं आजोबा म्हातारपणीही एका दमात घेत. प्राध्यापक जरा पुढारलेले असले तर लास्कींचं 'ग्रामर ऑफ पॉलिटिक्स' वाचायला सांगत. सगळं इंग्रजीत, आणि उदाहरणंही इंग्लंडचीच.

"सार्वभौमत्व कुणाकडं असतं, यावर आठ-आठ दिवस तास चालायचे," आजोबा सांगत. "संसदेकडं का राजाकडं? आणि आमच्यातला कुणी म्हणाला, सर, आपलं कुणाकडं आहे? की सर घड्याळ बघायचे."

त्या प्राध्यापकांना भित्रे म्हणायला आजोबा तयार नसत. विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी राजकीय चळवळींपासून दूर राहावं म्हणून 1907 साली सरकारने काढलेलं रिझले परिपत्रक त्यांना माहीत होतं. त्यानंतर काही वर्षांतच मुंबई विद्यापीठात इंग्लंडचा इतिहास बी.ए.च्या सक्तीच्या विषयांतून काढण्याचा घाट घातला गेला आणि सिनेटमध्ये फिरोजशहा मेहता त्याच्या विरोधात उभे राहिले, हा किस्सा आजोबांना त्यांच्या शिक्षकांकडून कळलेला. गंमत बघा, साहेबाच्या देशाचा इतिहास शिकवू नका असं साहेबाचंच सरकार म्हणतंय आणि तो शिकवाच म्हणून आपले पुढारी भांडताहेत. चार्ल्स राजाचं शिर उडवणाऱ्या पार्लमेंटची गोष्ट वाचून इथल्या पोरांच्या डोक्यात काय येईल, हे दोन्ही बाजूंना नेमकं कळलेलं होतं.

आजोबा असे इंग्लंडची घटना घोकत होते, तेव्हा तिकडे त्यांच्या गावात एक वेगळीच घटना लागू होत होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1938 च्या नोव्हेंबरात आपली सत्ता रयतेच्या हाती सोपवण्याचं जाहीर केलं. गांधीजींचा सल्ला, मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याची धडपड आणि ऑक्सफर्डहून परतलेले राजपुत्र अप्पासाहेब पंत, अशा तिघांच्या हातून घटनेचा मसुदा झाला. 1939 च्या जानेवारीत ती अमलात आली. गावाने पाच पंच निवडायचे. पंचायतींच्या अध्यक्षांचं मिळून तालुक्याचं मंडळ. आणि तालुक्याने आपले प्रतिनिधी राज्याच्या विधिमंडळात पाठवायचे. खालून वर चढत जाणारं राज्य. मताला अट एकच, लिहिता-वाचता आलं पाहिजे.

ह्या अटीपायी आमचे पणजोबा उतारवयात पाटी घेऊन बसले. शेजारच्या घरातला शाळकरी पोर त्यांचा गुरू. मोट हाकून घट्टे पडलेल्या हातांना पेन्सिल धरवत नसे, पण पंचायतीच्या निवडणुकीत मत द्यायचंच असा हट्ट. सुट्टीत घरी आलेल्या लेकाला त्यांनी विचारलं, "तुमच्या पुण्याच्या बुकात आमची पंचायत लिवलीया का?" नव्हती लिहिली. बी.ए.च्या परीक्षेला तिच्यावर प्रश्न आला नाही, पुढेही कुठल्या अभ्यासक्रमात आजोबांना ती भेटली नाही. डीटमार रोदरमुंड या जर्मन इतिहासकाराने 1983 साली औंधच्या प्रयोगावर पुस्तक काढलं तेव्हा आजोबा थकले होते. आत्याने त्यातली पानं मराठी करून करून त्यांना वाचून दाखवली.

पण 1939 च्या त्याच जानेवारीत एक असा दिवस आला, की आजोबांचं कॉलेज आणि त्यांचं गाव एका जागी आले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्थेचा वार्षिक कार्यक्रम होता. रावबहादुर काळे यांच्या देणगीतून 1930 साली उभी राहिलेली ही संस्था. नावात राज्यशास्त्र असलं तरी धनंजयराव गाडगिळांच्या हाताखाली तिथे मुख्यतः अर्थशास्त्राचंच काम चाले. त्या वर्षीचं व्याख्यान द्यायला डॉ. आंबेडकर येणार होते. 29 जानेवारी 1939, गोखले हॉल, विषय 'फेडरेशन विरुद्ध फ्रीडम'. आजोबा मागच्या भिंतीला टेकून उभे होते.

1935 च्या कायद्याने हिंदुस्थानचं संघराज्य होणार होतं आणि त्यात संस्थानंही सामील व्हायची होती. संघाच्या सभागृहातल्या 375 जागांपैकी 125 संस्थानांच्या. त्या भरणार कोण, तर संस्थानिक. प्रजेला त्यात मत नाही. बाबासाहेबांनी हा कायदा कलमागून कलम उसवला. निवडून आलेल्यांच्या शेजारी नेमलेले बसवून, लोकशाहीला एकतंत्राची सोबत देऊन स्वातंत्र्य कसं मिळणार, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. "आम्ही डायसी वाचला होता," आजोबा म्हणत, "पण कायदा असा वाचायचा असतो, हे त्या दिवशी कळलं. आणि ते माझ्याबद्दल बोलत होते. संस्थानातल्या माणसाबद्दल." कॉलेजात त्यांनी जे ऐकलं त्यातलं फार थोडं त्यांना आठवत असे. ही संध्याकाळ मात्र भिंतीच्या रंगासकट आठवे.

आजोबा पुढे हायस्कुलात मास्तर झाले. औंध संस्थान 1948 साली मुंबई राज्यात विलीन झालं आणि पणजोबांनी पाटीवर गिरवून मिळवलेलं मत आता अक्षर न येणाऱ्यालाही मिळालं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आजोबांची नेमणूक मतदान केंद्रावर झाली. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. पेटीवर त्याचं चिन्ह, आणि मतपत्रिका आपल्या माणसाच्या पेटीत टाकायची. एका म्हातारीने पेटीला आधी हळद-कुंकू लावलं, मग मत टाकलं. आजोबांनी तिला अडवलं नाही. "कुठल्या नियमात बसवायचं ते मला सुचलं नाही," म्हणायचे.

देशभर 17 कोटींहून अधिक मतदारांची ही निवडणूक राज्यशास्त्राच्या अध्यापकांच्या दारातूनच गेली, आणि काही जण उठून तिच्यामागे निघाले. पुण्याचे स. वि. कोगेकर आणि अमेरिकन अभ्यासक रिचर्ड पार्क यांनी प्रांतोप्रांतीच्या अभ्यासकांकडून या निवडणुकीचे अहवाल मागवून एकत्र केले. 1956 साली मुंबईच्या पॉप्युलर बुक डेपोने त्यांचं पुस्तक छापलं. इंग्लंडच्या कॉमन्सवर पोसलेल्या विषयाने आपल्याकडच्या मतपेटीत डोकावून पाहिलं, त्याची ही एक ठळक सुरुवात.

मधल्या काळात विषयाला घरही मिळालं होतं. मुंबई विद्यापीठात 1948 साली नागरिकशास्त्र व राज्यशास्त्राचा विभाग निघाला. 1949 साली पुण्याला विद्यापीठ आलं. आत्याची एक मैत्रीण मुंबईला शिकत होती. तिच्याकडून आत्याला उषा मेहतांबद्दल कळे. 1942 साली ब्रिटिशांना चुकवत काँग्रेस रेडिओ चालवणारी आणि त्यासाठी येरवड्याला तुरुंगवास भोगलेली ही बाई आधी विल्सन कॉलेजात, मग विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवत होती. आलू दस्तूर यांच्याबरोबर तिने मुंबई राज्यातल्या काँग्रेस राजवटीवर पुस्तकही लिहिलं. राज्यसंस्था म्हणजे काय याची व्याख्या पुस्तकातून सांगणारे पुष्कळ असतात; राज्यसंस्थेने गजाआड टाकलेल्या बाईच्या तोंडून ती ऐकायची याचा आत्याला फार हेवा वाटे.

आत्या पुण्याला एम.ए. झाली 1967 च्या सुमारास. त्या विभागावर तेव्हा व. म. सिरसीकरांची छाप होती. 1962 च्या निवडणुकीत मतदार कसे वागले, यावरचं त्यांचं पुस्तक नुकतंच आलं होतं. पुढे 1970 साली जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांतून वर आलेल्या ग्रामीण नेतृत्वावरचं आलं. 1 मे 1962 पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या होत्या. सत्ता मुंबईतून निघून तालुक्याला, तालुक्यातून बांधावर जाऊ लागली होती. तिच्या मागोमाग जायचं तर ग्रंथालय सोडून एस.टी. पकडणं भाग होतं.

आत्याही प्रश्नावल्या घेऊन हिंडली. तिच्या एका सरांनी दिलेला धडा ती आम्हाला सांगे. "मत कुणाला दिलं, असं विचारायचं नाही. लोक खोटं सांगतात, आणि बरोबरच करतात. तुमच्या वाड्यात कोण कोण येऊन गेलं, कोण कुणाच्या ओट्यावर बसलं, ते विचारायचं. उत्तर त्यातच असतं." 1967 सालीच पुण्यातून एस. एम. जोशी लोकसभेवर निवडून गेले. पेठांतल्या ओट्यांवर आत्याला ते निकालाच्या आधीच दिसलं होतं, असं तिचं म्हणणं. खरं-खोटं तिलाच ठाऊक.

नोकरी लागली ती कृष्णाकाठी, तालुक्याच्या गावी नव्याने निघालेल्या कॉलेजात. इमारत अर्धवट, ग्रंथालय दोन कपाटांचं आणि पोरं सगळी मराठी माध्यमाची. इंग्रजीतली पुस्तकं त्यांना पेलत नव्हती, मराठीत पुस्तकं नव्हती. आत्या रात्री मराठीत टिपणं काढी, सकाळी ती सायक्लोस्टाइल होत आणि शाईने बरबटलेल्या हातांनी वाटली जात. पुढे नागपूरहून विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाची पुस्तकं येऊ लागली. भा. ल. भोळ्यांसारख्या प्राध्यापकांनी मराठीत भरदार क्रमिक पुस्तकं लिहिली आणि खेड्यापाड्यांतल्या कितीतरी वर्गांना ती पुरली. विद्वत्तेच्या बाजारात क्रमिक पुस्तकाला मान नसतो. आत्या मात्र म्हणे, ज्या दिवशी त्या पोरांना आपल्या भाषेत सार्वभौमत्व वाचता आलं, त्या दिवशी निम्मी लढाई झाली.

उरलेली निम्मी वर्गात होती. ज्यांना ती राजकारण शिकवणार, त्यांतल्या कुणाचा चुलता साखर कारखान्याचा संचालक, कुणाचा बाप सोसायटीचा सचिव, कुणाच्या घरी पडलेल्या पॅनेलचं दुःख अजून ताजं. अविश्वासाचा ठराव आणायला सदस्य सहलीला कसे न्यायचे हे त्यांना घटनेच्या आधी ठाऊक. डेव्हिड ईस्टन यांचा व्यवस्था सिद्धांत त्या वेळी नवा आणि मानाचा. आत्याने फळ्यावर चौकोन काढला. एका बाजूने समाजाच्या मागण्या आत येतात, दुसऱ्या बाजूने निर्णय बाहेर पडतात, निर्णयांचे परिणाम फिरून मागण्यांना मिळतात. मागच्या बाकावरचा एक जण उठला.

"म्हणजे म्याडम, कारखानाच की. हिकडनं ऊस आत, तिकडनं साखर भाईर."

"हो, तसंच."

"मग मळी कुठं दावली न्हाई ती?"

वर्ग हसला. आत्याही हसली, पण घरी येऊन तिने ते वहीत लिहून ठेवलं. साखर होताना जे काळं, दाट, वासाचं बाहेर पडतं, ज्याच्यावर टँकर चालतात आणि पैसा फिरतो, ते ईस्टनच्या चौकोनात नव्हतं. पुढच्या तासापासून तिने रीत बदलली. आधी सिद्धांत न सांगता ती पोरांना सांगे, जा, आपल्या सोसायटीची निवडणूक लिहून आणा. कोण उभं राहिलं, कुणाला बसवलं, कशाच्या बदल्यात. वह्या भरून येत. मग त्या वह्या समोर ठेवून ईस्टन, आल्मंड. त्याच सुमारास अँथनी कार्टर या अमेरिकन अभ्यासकाने फलटण तालुक्यातलं राजकारण आणि बा. शं. बाविस्करांनी कोपरगावच्या साखर कारखान्याचं राजकारण अभ्यासलं. त्यांची पुस्तकं हाती आल्यावर आत्या म्हणाली, "यातलं निम्मं माझ्या पोरांच्या वह्यांत आहे. फक्त त्यांच्या वह्या रद्दीत गेल्या."

मग आणीबाणी आली. 26 जून 1975. त्या सत्रात मूलभूत हक्क शिकवायचे होते. अभ्यासक्रम बदललेला नव्हता. हक्कांची अंमलबजावणी मात्र थांबली होती. कलम 14, 21, 22 साठी कोर्टाची पायरी चढता येणार नाही असा राष्ट्रपतींचा आदेश निघाला होता आणि कलम 19 तर आणीबाणी लागताच निष्प्रभ झालं होतं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, परीक्षेत कसं लिहायचं? हक्क आहेत असं, की होते असं?"

आत्या म्हणाली, "घटनेत आहेत असं लिहा. आणि आणीबाणीची 352, 358, 359 ही तीन कलमं त्यांच्या शेजारी लिहा. दोन्ही एकाच पुस्तकात आहेत, हे विसरू नका." कुणीतरी ही वार्ता वर पोचवली. तिला बोलावून 'जपून शिकवा' असं सांगण्यात आलं. ती जपून शिकवू लागली, म्हणजे त्या तीन कलमांवर आणखी एक तास घेतला. हक्क देणारी आणि ते थांबवणारी कलमं एकत्र वाचायची तिची ती सवय कायमची राहिली.

1979 साली महाराष्ट्र सरकारने डॉ. आंबेडकरांच्या लेखन आणि भाषणांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, वसंत मून यांनी संपादलेला. कॉलेजात तो आला तेव्हा आत्या चाळत बसली होती आणि एका पानावर थबकली. 'फेडरेशन विरुद्ध फ्रीडम', गोखले हॉल, 29 जानेवारी 1939. बापाच्या तोंडून शंभरदा ऐकलेली ती संध्याकाळ छापील समोर होती. तोवर तिच्या भारतीय राजकीय विचारवंतांच्या पेपरात रानडे होते, टिळक होते, गांधी-नेहरू होते. बाबासाहेब होते ते घटनेच्या प्रकरणात, मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून, एका वाक्यापुरते.

दुसऱ्या दिवशी ती खंड वर्गात घेऊन गेली. अभ्यासक्रमात नसलेलं ते व्याख्यान तिने वाचलं, समजावलं आणि आपल्या वडिलांनी ते उभं राहून ऐकल्याचंही अभिमानाने सांगितलं. तास संपल्यावर एक विद्यार्थी थांबला. वस्तीतून चालत येणारा, अबोल. म्हणाला, "मॅडम, आमच्या घरी बाबासाहेबांचं काय काय पाठ आहे. पण ते कॉलेजात शिकवण्याजोगं असतं हे आज कळलं. तुमचे वडील तिथं होते. माझे आजोबा त्या साली पुण्याला असते, तर आत गेले असते?"

आत्याकडे उत्तर नव्हतं. तिने त्याला पुढचा तास दिला. तो बोलला बाबासाहेबांच्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'वर, त्याच्या वस्तीतल्या एका कार्यकर्त्याकडून ऐकलेलं. आत्या शेवटच्या बाकावर बसून टिपणं घेत होती. पुढे फुले-आंबेडकर अभ्यासक्रमांत आले, स्वतंत्र पेपर झाले. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांत ठराव झाले म्हणून ते आले, हे खरंच. पण ठरावाच्या आधी अशी पोरं वर्गावर्गांत उठून उभी राहिली होती, त्याची नोंद कुठल्या इतिवृत्तात नाही.

पुढे उजळणी वर्गांच्या निमित्ताने आत्या पुन्हा पुणे विद्यापीठात जाऊ लागली. येताना वह्या भरून आणी. राम बापट बोलत त्याचं तिला वेड होतं. बापटांनी लिहिलं थोडं, बोलले अफाट. नाटकापासून मार्क्सपर्यंत एका श्वासात जात. राजेंद्र व्होरा आणि सुहास पळशीकरांनी मराठीत राज्यशास्त्राचा कोश केला, महाराष्ट्रातल्या सत्तांतरावर लिहिलं. व्होरांचं शेवटचं काम मुळशी सत्याग्रहावरचं. 1920 च्या दशकात धरणाविरुद्ध उभ्या राहिलेल्या मावळातल्या शेतकऱ्यांची गोष्ट, म्हणजे पुन्हा पुस्तकाबाहेर राहिलेलं गावच.

याच माणसांपैकी पळशीकर आणि योगेंद्र यादव यांच्या सल्ल्याने 'एनसीईआरटी'ची राज्यशास्त्राची नवी पुस्तकं 2006 पासून आली. त्यांत व्यंगचित्रं होती, वर्तमानपत्रांची कात्रणं होती, मुलांना पडणारे आगाऊ प्रश्न होते. आत्या तेव्हा निवृत्त झालेली. ती पुस्तकं तिने हौसेने मागवली. 2012 साली त्यातल्या एका व्यंगचित्रावरून वादळ उठलं. शंकर यांनी 1949 साली काढलेलं; गोगलगायीच्या चालीने जाणारी घटना आणि तिच्यावर बसलेले बाबासाहेब, मागे चाबूक घेतलेले नेहरू. लोकसभा हादरली, दोघा सल्लागारांनी राजीनामे दिले, पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कचेरीची मोडतोड झाली.

आमच्या घरी त्यावर रात्रभर वाद झाला. आत्याला तो जुना विद्यार्थी आठवत होता. "त्याला ते चित्र बोचलं असतं. त्याने ते बोलायलाच हवं होतं, आणि वर्गाने ऐकायला. पण चित्रच काढून टाकलं तर बोलणार कशावर?" मग 2023 साली धडेच्या धडे गाळले गेले आणि पळशीकर-यादवांनी आता आमची नावंही पुस्तकावरून काढा असं कळवलं. ती बातमी वाचून आत्याने चष्मा काढला. "साहेबाला इंग्लंडचा इतिहास नको होता," एवढंच म्हणाली.

माझा भाचा सध्या पुण्यात पेठेतल्या एका अभ्यासिकेत असतो. स्पर्धा परीक्षेसाठीचं लक्ष्मीकांतचं जाडजूड पुस्तक त्याने इतक्यांदा वाचलंय की पानांच्या कडा काळ्या पडल्यात. त्याला नावं ठेवायला मी धजत नाही. शेती तोट्यात, कॉलेजातल्या जागा भरलेल्या नाहीत, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला महिनोन्महिने मानधन मिळत नाही. अशा वेळी राज्यशास्त्राने मुलांना निदान एका परीक्षेची वाट दाखवली. आत्या त्याला एकदाच म्हणाली, "कलम 243 तुला क, ख, गपर्यंत येतं. तुझी चुलत आजी त्या कलमावर बसलेली आहे. तिला भेटलास कधी?"

चुलत आजी म्हणजे माझी काकू. 73 व्या घटनादुरुस्तीने स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या आणि 2011 साली महाराष्ट्राने त्या निम्म्यावर नेल्या, तेव्हा आमच्या माणदेशातल्या गावात सरपंचपद बाईकडे आलं. दहावी झालेली म्हणून काकूला उभं केलं, म्हणजे तिच्या नावाने कारभार दुसऱ्याने करायचा ठरवून. काकूने सही करायच्या आधी कागद वाचायला सुरुवात केली आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. विषय राज्यशास्त्र. पणजोबांनी मतासाठी पाटी हातात घेतली होती. ही सरपंच होऊन पदवीला बसली.

परीक्षेत प्रश्न आला, ग्रामसभेची रचना व कार्ये स्पष्ट करा. काकूने पुस्तकातलं उत्तर लिहिलं. मग खाली रेघ मारून आणखी पानभर लिहिलं : आमच्याकडे ग्रामसभा आदल्या रात्री दोन घरांत होते, सकाळी शिपाई वही घेऊन घरोघर सह्या घेतो, बाईची सही तिचा नवरा करतो. हे सगळं आत्याला सांगून झाल्यावर काकूने विचारलं, "याला मार्क मिळत्यात व्हय?"

"मिळणार नाहीत," आत्या म्हणाली. "पण मी तपासला असता तर वरच्या उत्तराचे कापून याला दिले असते."

काकू मात्र मार्कांवर थांबली नव्हती. पुस्तकात तिला एक ओळ सापडली होती : गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी ती. पुढच्या ग्रामसभेत चावडीवर वीस-पंचवीस बाप्ये जमलेले असताना ती उठली, क्रमिक पुस्तक उघडून ती ओळ मोठ्याने वाचली आणि सभा तहकूब केली. गावात असं कधी झालं नव्हतं. आजवर वर्गात गाव यायचं. त्या दिवशी वर्ग चावडीवर गेला.

आठवड्याने तहकूब सभा भरली आणि त्याच वीस-पंचवीस जणांनी हवे ते ठराव मंजूर करून घेतले. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे ग्रामसेवकाला ठाऊक होतं, जुन्या पुढाऱ्यांना ठाऊक होतं. काकूच्या पुस्तकात मात्र ते नव्हतं. हे ऐकून आत्या, वय विसरून, ताडकन उठली. नियम आणि त्यातली पळवाट एकाच पानावर असली पाहिजे, आणीबाणीत मी पोरांना हेच सांगत होते, अभ्यास मंडळाला पत्र लिहिते, म्हणून कागद शोधू लागली.

"लिवा की," काकू म्हणाली. "बुकात यील तवा यील. म्या म्होरल्या सभेला पयल्या वक्तालाच शंभर बाया घिऊन जाणार हाय. मग तहकूब करायचं कामच न्हाई."